विसर्जनाचं पाणी आणि मागची भिंत

भिंत एका रात्रीत पडली असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. भिंत एका रात्रीत पडत नसते हो. ती वर्ष-दोन वर्षं आधीपासून सांगत असते, आपलं लक्ष नसतं एवढंच. आमच्या मागच्या भिंतीने तर चक्क आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडून निरोप धाडला होता, आणि बाबा त्या दोरीच्या दुकानदाराला शिव्या देत बसले होते.

दिल्लीत एशियाड होऊन गेल्यानंतरची ही गोष्ट. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि फरीदाबादच्या बाजूला, अरवलीच्या उतारावर, मराठी कर्मचाऱ्यांच्या एका सोसायटीत त्यांनी लहानसं घर बांधलं. जन्म गेला सरकारी क्वार्टरमध्ये. माझा जन्म दिल्लीच्या हिंदूराव इस्पितळातला, दादाचाही तिथलाच, आणि तेव्हापासून आम्ही एका क्वार्टरमधून दुसऱ्या क्वार्टरमध्ये सामान हलवतच मोठे झालो. हे पहिलं घर, जिथून कुणी ‘खाली करा’ असं पत्र पाठवणार नव्हतं. बाबा दारावरच्या पाटीवरून रोज फडकं फिरवायचे, आणि आम्ही त्यावरून त्यांना भरपूर छळायचो.

सोसायटीची जमीन उतारावर होती. वर मोकळं मैदान, तिथे गणपती बसायचा. खाली घरांची रांग. आणि मैदानाची माती खाली घरांवर येऊ नये म्हणून मधे आठ फूट उंच दगडी भिंत. अशा भिंतीला आमच्या खात्यात रिटेनिंग वॉल म्हणतात, दिल्लीचे ठेकेदार पुश्ता म्हणतात, आणि आई नुसतं मागची भिंत म्हणायची. ती भिंत आणि आई-बाबांची झोपायची मागची खोली यांच्यामध्ये एक चिंचोळं अंगण होतं. त्यात धुण्याचा दगड, न्हाणी, संडास, उघडा नाला आणि भिंतीपासून घरापर्यंत बांधलेली ती दोरी.

मी तेव्हा सरकारच्या बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. बायका त्या खात्यात टायपिंग करायच्या, इंजिनिअर म्हणून मोजून दोघी-तिघी असू, त्यामुळे मला आधी आवाज चढवायची आणि मग बोलायची सवय लागली होती. ती अजून गेलेली नाही. घरचे लोक सहन करतात.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. मी बसने धक्के खात पोचले तर आई मागच्या अंगणात स्टुलावर उभी राहून दोरीला गाठ मारत होती. म्हणाली, मेली दोरी पुन्हा सैल पडली, साड्यांचे काठ ओल्या जमिनीवर लोळतात. बाबा खोलीतून ओरडले की आधीची सुतळी होती ती बदलली, आता नायलॉनची आणली, तीही तशीच निघाली, सगळा बाजार चोरांचा झालाय. मी आईला खाली उतरवलं आणि दोरीकडे बघत राहिले. नवी दोरी ताणली जाऊन एकदा सैल पडेल, फार तर दोनदा. पण ती पुन्हा पुन्हा सैल पडत असेल तर दोन्ही खुंट्या एकमेकींच्या जवळ येताहेत, दुसरं काय? आणि घर काही हललं नव्हतं. म्हणजे हलत होती ती भिंत.

घरात ओळंबा नव्हता. मी सुतळीला कोठीचं कुलूप बांधलं, वर मैदानात गेले आणि भिंतीच्या माथ्यावरून ते खाली सोडलं. कुलूप पायथ्यापासून चांगलं चार बोटं पुढे लोंबत होतं. खरं तर अशी भिंत बांधतानाच थोडी मागे, मातीकडे रेललेली असायला हवी. आमची भिंत पुढे झुकली होती आणि मधे तिने पोटही काढलं होतं. खाली येऊन मी सांगितलं की पलंग आत्ताच्या आत्ता पुढच्या खोलीत न्यायचे. बाबा म्हणाले, अगं, दगडाची भिंत आहे ती, असं काय करतेस. मी म्हटलं, दगडाची आहे म्हणूनच सांगते आहे, पुठ्ठ्याची असती तर झोपा म्हटलं असतं. आईने उशा उचलल्या.

मग मी भोकं शोधायला लागले. मातीला धरून ठेवणाऱ्या भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं ठेवावी लागतात, ओळीने, थोड्या थोड्या अंतरावर. आमच्या घरामागे ती दिसेनात. चुन्याचा हात खरवडल्यावर दिसलं की प्रत्येक भोक सिमेंटने बुजवलेलं आहे, वरून थापी फिरवून छान गुळगुळीत केलेलं. कुणी केला हा उद्योग, असं मी विचारलं. बाबा संडासाच्या दाराकडे बघायला लागले. बाबा असे दाराकडे बघायला लागले की उत्तर मिळालं म्हणून समजायचं.

आता हे कळायला विसर्जनाच्या हौदाची हकीगत सांगायला हवी. सोसायटीतला गणपती सुरुवातीला यमुनेवर न्यायचे. टेम्पो ठरवा, म्हाताऱ्यांना चढवा-उतरवा, ट्रॅफिकमध्ये अडका, आणि नदीवर पोचलं की गुडघाभर चिखल. सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. मंडळाचे अध्यक्ष होते एक निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचे, कॅन्टोन्मेंटमध्ये आयुष्य काढलेले, आणि सेक्रेटरी आमचे बाबा. दोघांनी ठरवलं की मैदानातच विटांचा हौद बांधायचा. तो बांधला मैदानाच्या अगदी कडेला, नेमका आमच्या घराच्या वर, म्हणजे खालच्या घरांतल्या बायकांनाही आरती दिसेल. आणि हौदाला तळ ठेवला नाही. मुद्दाम ठेवला नाही. विसर्जनाचं पाणी गटारात जाऊ नये, धरणीने प्यावं, असा विचार. चुकीचा तरी कसा म्हणायचा? मनाने चांगलाच होता. पण माती पिते म्हणजे पाणी नाहीसं होत नाही, ते कुठेतरी जातंच.

ते गेलं भिंतीकडे. पहिल्याच वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईला भिंतीच्या भोकांतून गुलाल मिसळलेलं पाणी गळताना दिसलं. ते अंगणातून वाहत नाल्यात आणि नाल्यातून संडासाच्या कडेने पुढे चाललं होतं. बाबांना ते बघवेना. त्यांनी त्याच दिवशी सिमेंट आणून स्वतःच्या हाताने सगळी भोकं बुजवली.

मी तावातावाने म्हटलं, “बाबा, ती भोकं शोभेला नव्हती. त्यातून पाणी बाहेर पडलं नाही तर ते भिंतीला ढकलतं.”

“ती कशाला होती ते मला कळतं,” बाबा म्हणाले. “पण बाप्पाचं पाणी संडासाच्या नाल्यातून वाहताना मी बघत बसू? तू बसली असतीस?”

मातीचा, पाण्याचा, दगडाचा हिशेब माझ्याकडे होता. या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी आणखी चिडले.

थोडं शास्त्र ऐकावं लागेल, इलाज नाही. कोरडी माती तशी गुणी असते. बरीचशी स्वतःच्या पायावर उभी राहते, भिंतीवर थोडासा भार टाकते. तीच माती पाणी प्यायली की जड होते, घसरडी होते, आणि मागे साठलेलं पाणी स्वतःचा रेटा लावतं तो वेगळाच. आमचा हौद बिनतळाचा, वर्षभर उघडा. मैदानाचा उतार त्याच्याकडेच, त्यामुळे सगळ्या पावसाळ्याचं पाणी त्यात जमायचं आणि जिरत जिरत भिंतीमागे जाऊन बसायचं. बाहेर पडायला वाट नाही. त्यात मूळ बांधणाऱ्याने भिंतीमागे खडी घालायच्या ऐवजी ट्रक रिकामे करून मलबा ओतलेला, आणि पायाशी रुंदी वाचवलेली. म्हणजे एकावर एक सगळं जुळून आलं होतं. इतकी वर्षं ती उभी राहिली हेच नवल.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून पुन्हा गेले. हौदावर ताडपत्री घातली, मैदानाचं पाणी वळवायला चर खणून घेतला, आणि एका बाजूला उभी राहून, लांब सळईने, सगळ्यात खालच्या भोकातलं सिमेंट फोडायला लागले. पाऊस संपून किती दिवस झाले होते, तरी ते सिमेंट सुटलं तशी गढूळ पाण्याची पिचकारी समोरच्या खोलीच्या भिंतीवर जाऊन आदळली. मी अर्धी भिजले. ती धार तशीच चालू राहिली. बाबा दारात उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला माझ्या कालच्या आवाजाची लाज वाटली. ते आत जाऊन टॉवेल घेऊन आले.

तोवर आईने पुण्याला दादाला फोन लावला होता. दादा बँकेत होता, शिस्तीचा माणूस, तो चार दिवसांत हजर. भिंत बघितली, पुढच्या खोलीत दाटीवाटीने लावलेले पलंग बघितले, आणि म्हणाला की हे घर विकायचं. त्याच्या बिल्डिंगमध्येच एक फ्लॅट रिकामा होता. बाबांना त्याने समजावलं की आता या वयात भिंती धरत बसायचं का, शिवाय आईला तिकडे किती बरं वाटेल, तिची बहीण आहे, माहेरची माणसं आहेत, दिल्लीत तिचं कोण आहे. बाबा ताटाकडे बघत जेवत राहिले. त्यांना जायचं नव्हतं हे त्यांच्या जेवण्यावरून कळत होतं, घास नुसता फिरत होता. पण आपल्याच हाताने भोकं बुजवलेला माणूस कुठल्या तोंडाने बोलणार? आईने दादाला आणखी आमटी वाढली. तिला काय वाटतं ते ती बोलली नाही, आणि दादा तिच्या वतीने सगळं बोलतच होता.

शेवटी मीच मधे पडले. दादाला म्हटलं, मला भिंत नव्याने बांधू दे. दादा म्हणाला, ठीक आहे, पुढच्या पावसाळ्यात मी येईन, भिंत बघेन, आणि तेव्हा ठरवू. तोवर तो पुण्याचा फ्लॅट हातचा सोडणार नव्हता. बिल्कुल नहीं, असं त्याने खास हिंदीत सांगितलं. दादाला रागात हिंदी सुचते, दिल्लीत वाढल्याचा परिणाम.

भिंत सोसायटीची होती, त्यामुळे सभा घ्यावी लागली. वर मैदानात सतरंज्या टाकून सगळे बसले. कमिटीचं म्हणणं, फटी भरू, वरून जाड गिलावा करू, रंग देऊ. मी म्हटलं, ताप आलेल्या माणसाला पावडर लावून काय होणार? हसले दोघं-तिघं. मग मी सांगितलं की भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागेल आणि हौद कडेवरून हलवावा लागेल. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. हौद म्हटल्यावर सुभेदार ताठ झाले. जिथे बाप्पा विसर्जित होतात तिथे पहार मारू देणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मागून माना हलल्या. मी म्हटलं, मग भिंत आई-बाबांच्या अंगावर पडू दे, आरती वरून छान दिसेल. हे मी बोलायला नको होतं असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, पण मला तेव्हा खरोखर भीती वाटत होती आणि भीती वाटली की मी अशीच बोलते.

तेव्हा बाबा उठले. सभेत ते नेहमी कागद बघून बोलायचे, त्या दिवशी हातात काही नव्हतं.

“भोकं मी बुजवली,” ते म्हणाले. “आपण बाप्पाला सोडतो म्हणतो. मी त्याला भिंतीमागे कोंडून ठेवलं. आता त्याला वाट करून द्यायची आहे. कुणाची हरकत असेल तर मला सांगा, मुलीला नको.”

सुभेदारांनी टोपी काढली, डोकं चोळलं, पुन्हा घातली. मग म्हणाले की मूर्ती हलवायच्या आधी आपण उत्तरपूजा करतो ना, अक्षता टाकून. तशीच हौदाची करू, आणि मग हलवू, त्यात काय बिघडतं. ही तोड मला सात जन्मांत सुचली नसती. पुढच्या सोमवारी हौदाची यथासांग उत्तरपूजा झाली, सुभेदारांनीच अक्षता टाकल्या आणि हौद किंचित हलवल्यासारखं करून पहिली पहारही त्यांनीच मारली. तळाशी साठलेली शाडूची माती बाबांनी घमेल्यात भरून बाजूला ठेवली, नव्या हौदासाठी.

मग थंडीभर काम चाललं. ठेकेदार बोलघेवडा होता. ‘मैडम, दीवार तो दीवार होती है’ हे त्याचं पालुपद. आधी आम्ही वरून माती काढत काढत भिंत उतरवली, खालून हात लावू दिला नाही, नाहीतर सगळंच अंगावर आलं असतं. मागून निघाला तो मलबा बघून ठेकेदारही गप्प झाला. विटांचे तुकडे, सिमेंटची फाटकी पोती, कुणाच्या तरी घराच्या फरशा, आणि सगळ्यात चिखल. पाया आम्ही भुसभुशीत माती ओलांडून खाली मुरमापर्यंत नेला. पायाशी भिंतीची रुंदी उंचीच्या निम्मी ठेवायला लावली. ठेकेदाराला ती उधळपट्टी वाटली. मी म्हटलं, उभं राहताना तू पाय जुळवून उभा राहतोस का धक्का बसायचा असला की? त्याने पाय बघितले आणि मजुरांना खणायला सांगितलं. माझं बोलणं त्याला पटलं होतं की माझा आवाज, हे मला अजून माहीत नाही.

नवी भिंत किंचित मागे रेलून वर चढवली. दर थराला आडवे लांब दगड आतपर्यंत घुसवले, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून राहतात. पाण्यासाठी भोकांऐवजी नळ्या घातल्या, बाहेरच्या बाजूला थोड्या उतरत्या. नळ्यांच्या मागे मोठे गोटे, मग खडी, मग जाड वाळू, म्हणजे पाणी येईल आणि माती मागेच राहील. आणि भिंत पुरती वाळेपर्यंत मागे एक घमेलंही टाकू दिलं नाही. त्या दिवसांत ठेकेदार माझ्याशी बोलत नव्हता.

भरावावरून मात्र खरी जुंपली. त्याला एका दिवसात ट्रक उलटे करून मोकळं व्हायचं होतं. मला माती वीतभर थराने हवी होती, थोडं पाणी शिंपडून, धुम्मसने ठोकून, मग पुढचा थर. मला रोज रजा मिळणार नव्हती. बाबा म्हणाले, मी उभा राहतो. आणि काय उभे राहिले! मफलर, कानटोपी, हातात काठी. थर ठोकून झाला की काठी टोचून बघायचे, आत गेली की पुन्हा ठोका. मजूर त्यांना आपसात ‘काठीवाले बाबूजी’ म्हणायचे. संध्याकाळी मला फोनवर सगळा अहवाल, ऑफिसची फाइल सांगावी तसा. एवढे खूष मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिलं नव्हतं.

आई कधी कामाच्या बाजूला फिरकली नाही असं मला वाटत होतं. एका शनिवारी गेले तर ती भिंतीशी पाट टाकून बसली होती, समोर खडीचा ढीग आणि दोन मजूर चाळणी हलवताहेत. खडी धुळीची आली होती. आईने ती हातात घेऊन बघितली होती आणि सांगितलं होतं की अशी चालणार नाही, चाळून घ्या. तिला कुणी सांगितलं खडी स्वच्छ लागते म्हणून, असं मी विचारलं. म्हणाली, तू त्या दिवशी ठेकेदारावर ओरडत होतीस ते स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मी मारलीही, आणि ती म्हणाली, अगं, हात धुळीचे आहेत.

बाबांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात तसाच बसून होता. नळ्या घातल्या, पण त्यातून येणारं पाणी पुन्हा त्याच नाल्यात गेलं तर मी जिंकले कशात? दोन रात्री कागदावर रेघोट्या मारल्या. मग भिंतीच्या पायाशी एक वेगळी पक्की पन्हळ केली, न्हाणीच्या नाल्याला कुठेही न लागणारी. ती अंगणाच्या टोकाशी, घराच्या पायापासून लांब, एका वाफ्यात नेऊन सोडली. नवा हौद मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बांधला, या वेळी पक्क्या तळाचा, आणि त्याच्या नळीचं तोंड तिथल्या कडुनिंबांकडे. मैदानाचा उतारही भिंतीपासून उलटा फिरवला. बाबांना पन्हळ दाखवली तेव्हा ते उकिडवे बसून तिच्यावरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. वाफ्याशी पोचल्यावर म्हणाले, “इथे दूर्वा लावू.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता भिंतीकडे बघत राहिलो.

आषाढात दादा आला. कबूल केल्याप्रमाणे आला, आणि फ्लॅटवाल्याला काय ते कळवायचं होतं म्हणून बॅगेत त्याची कागदपत्रंही घेऊन आला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीत पडतो तसा धो धो पाऊस सुरू झाला, रस्ता दिसेनासा करणारा. आम्ही चौघं मागच्या खोलीच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलो. सिनेमा बघायला बसावं तसे.

भिंत ओली झाली. नळ्या कोरड्या. तास होऊन गेला, नळ्या कोरड्याच. दादा म्हणाला, तुझ्या नळ्यांतून काही येत नाही. मी म्हटलं, यायला वेळ लागतो, वरचं पाणी आता उलट्या बाजूला जातंय, आत जिरतंय ते थोडंच आहे, ते खडीतून उतरत येईल. हे सगळं खरं होतं. खात्यात कुणी विचारलं असतं तर मी हेच डोळे मिटून सांगितलं असतं. पण त्या भिंतीखाली माझे आई-बाप बसले होते, आणि मी एकेक नळी पुन्हा पुन्हा निरखत होते. वाळू अडकली असेल का? ठोकताना एखादी नळी चेपली असेल का? आई मधेच उठून चहा करून आली. चहा कुणी प्यायला नाही.

मग खालच्या ओळीतल्या एका नळीच्या तोंडाशी थेंब धरला. तो पडला, दुसरा धरला. बघता बघता करंगळीएवढी धार लागली, मग शेजारच्या नळीला, मग तिच्या पलीकडच्या. बाबा तसेच पावसात गेले, धारेखाली ओंजळ धरली आणि माझ्याकडे वळून ती दाखवली. पाणी नितळ होतं. मातीचा कण नव्हता. गढूळ आलं असतं तर मागची माती वाहून चाललीय असा अर्थ झाला असता, हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी ते पाणी पन्हळीत सोडलं आणि ते कुठे जातं ते बघत भिजत उभे राहिले.

मी रडले. सरळ रडले, लपवलं नाही. दादाने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, मान गए यार. मग कुलूप आणून त्याने स्वतः भिंतीला सुतळी लावून बघितली, बँकेचा माणूस, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास नाही. भिंत जिथल्या तिथे होती.

पाऊस कमी झाला तसा तो आत आला, खुर्ची आईजवळ ओढली आणि म्हणाला की भिंतीचं मी मानलं, बाबांचं मन इथे आहे तेही दिसतंय. पण तुझं काय? तुझी बहीण तिकडे, तुझी सगळी माणसं तिकडे. तो फ्लॅट अजून हातात आहे. तू सांग, तू म्हणशील तसं करू.

इतक्या महिन्यांत तिला हे कुणी पहिल्यांदा विचारत होतं. आई नळ्यांकडे बघत होती. थंड झालेला चहा तिने उचलला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“पुण्याला येऊ की,” ती म्हणाली. “दिवाळीत येऊ. चार दिवस. पाहुणे म्हणून.”